मांजराला कुरवाळताना : हात केव्हा पुढे करावा आणि केव्हा थांबवावा

मांजर आपणहून जवळ येते, डोळे मिटून लाड करून घेते आणि मग एकाएकी हाताला कडकडून चावते, ही तक्रार मांजर पाळणारे आणि न पाळणारे, दोघेही सारखीच करतात. त्यावर ‘मांजराची जातच लहरी’ असा निकाल देऊन माणसे मोकळी होतात. खरे तर त्या चाव्याआधी मांजराने बहुतेक वेळा तीन-चार निरनिराळ्या प्रकारे ‘आता पुरे’ असे कळवलेले असते, आणि हात फिरवणाऱ्याचे लक्ष त्या वेळी मोबाईलकडे किंवा गप्पांकडे असते. पुढे कुरवाळण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने मांडली आहे. तिचा क्रम पाळणे फार महत्त्वाचे आहे, कारण नेमक्या चुका होतात त्या क्रमाच्याच : पाहणी, बसणे आणि वास घेऊ देणे हे सारे गाळून माणसे थेट मांजराच्या पाठीवर किंवा पोटावर हात ठेवतात.

‘मला लहानपणापासून मांजरांची सवय आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हे वाचन सोडून देऊ नये. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांनी स्वतःला मांजरांचे जाणकार म्हणवले, तेच मांजरांना न आवडणाऱ्या जागी अधिक हात लावत होते. सवयीमुळे धिटाई वाढते. मांजराकडे बघण्याची सवय मात्र वेगळी लावून घ्यावी लागते.

टप्पा १ : हात, वेळ आणि जागा

आधी स्वतःच्या हाताचा वास घ्यावा. मांजर माणसाला डोळ्यांनी जेवढे ओळखते, त्याहून अधिक नाकाने ओळखते, त्यामुळे लिंबू पिळलेला, अत्तर लावलेला किंवा नुकताच फिनाईलच्या बादलीत घातलेला हात त्याला जवळ येण्यापूर्वीच नकोसा होतो. फिनाईलच्या बाबतीत प्रश्न केवळ नावडीचा नाही. मांजर अंगावर लागलेले सारे चाटून काढते आणि फिनॉल वर्गातील जंतुनाशके त्याच्या शरीराला पचवता येत नाहीत, ती विषारी ठरतात. डास पळवणारे मलम चोळलेल्या हातानेही मांजराला शिवू नये. साध्या साबणाने हात धुवून, कोरडे करून मगच पुढे जावे.

उलट प्रकारची चूकही होते. बोंबील किंवा सुकट साफ केलेल्या हाताकडे मांजर मोठ्या प्रेमाने धावत येते, हात चाटते, बोट दातात धरून बघते, आणि आपल्याला वाटते की स्वारी आज लाडात आहे. ती बोंबलाच्या लाडात आहे. त्या वेळी कुरवाळायला गेल्यास मांजराच्या दृष्टीने आपण खाण्याच्या आड येतो.

खुळखुळणाऱ्या बांगड्या, लोंबणारे ब्रेसलेट, ओढणीचे गोंडे ही मांजराला शिकारीची निमंत्रणे वाटतात, म्हणून ती तेवढ्यापुरती दूर ठेवावीत.

वेळेचा नियम सोपा आहे : मांजर कुठल्या कामात असेल तर त्याला हात लावू नये. खाणे, झोप आणि मातीच्या ट्रेमधला विधी ही तर उघड कामे आहेतच, पण खिडकीत बसून कबुतराकडे किंवा भिंतीवरच्या पालीकडे टक लावून पाहणे हेही कामच आहे. अशा वेळी मागून पाठीवर हात पडला तर पालीसाठी उगारलेला पंजा आपल्या मनगटावर येतो. दुसऱ्या मांजराशी नुकतीच झालेली झटापट, डॉक्टरांकडून परत आल्यानंतरचे काही तास आणि दिवाळीत फटाके वाजत असतानाची संध्याकाळ हे सारे प्रसंगही टाळावेत. चांगली वेळ म्हणजे जेवण आटोपले आहे, अंग चाटून झाले आहे आणि मांजर आपणहून माणसांच्या आसपास घुटमळते आहे.

जागा निवडताना एवढेच बघावे, की मांजराला निघून जायला वाट मोकळी आहे. भिंतीचा कोपरा, पलंगाखालची सांदी, कपाटाचा वरचा कप्पा या ठिकाणी मांजर स्वतःहून गेलेले असते, ते बहुधा माणसांपासून सुटका म्हणूनच. तिथे हात घालून त्याला ओढून काढणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. एकदा असे झाले की त्या घरातली सुरक्षित जागा मांजराच्या लेखी संपते आणि मग ते हाताला मुळीच लागेनासे होते.

*सावधान :* खोलीचे दार लावून ‘आता कुठे जाईल’ अशा हिशेबाने सुरुवात करू नये. दार उघडे ठेवावे आणि आपण दाराच्या आड येणार नाही असे बसावे.

टप्पा २ : लांबून पाहणी

दोन-तीन मीटरवरून मांजराकडे ओझरते पाहावे आणि शेपटी, कान, अंग या क्रमाने अंदाज घ्यावा. शेपटी सरळ वर उभी, टोकाशी जराशी वळलेली, ही ओळखीच्या माणसाला भेटण्याची खूण आहे. शेपटी फेंदारलेली असेल तर मांजर घाबरलेले आहे. ती जमिनीवर डावी-उजवी आपटत असेल तर ते वैतागलेले आहे. (कुत्र्याची सवय असलेल्यांनी इथे विशेष सांभाळावे. हलणारी शेपटी पाहून आनंदाने पुढे जाणारा पाहुणा हमखास बोचकारून घेतो.) कान पुढे वळलेले असावेत. ते बाजूला आडवे झाले किंवा मागे चपटे बसले, तर पाहणी तिथेच संपवावी आणि आपल्या कामाला लागावे.

अंगाची ठेवण ओळखणे थोडे अवघड असते. चारही पाय पोटाखाली घेऊन बसलेले मांजर निवांत असू शकते, किंवा दुखण्याने अंग चोरून बसलेलेही असू शकते. निवांत मांजराची मान आणि खांदे सैल दिसतात, डोळे अर्धवट मिटलेले असतात. अंग चोरलेल्या मांजराची मान आखडलेली असते, डोके खांद्यांच्या रेषेखाली गेलेले असते आणि भरपूर उजेड असूनही डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या दिसतात.

टप्पा ३ : खाली बसणे

उभ्या माणसाने वरून वाकून लांब केलेला हात मांजराला झडप घालणाऱ्या प्राण्यासारखा भासतो. म्हणून जमिनीवर बसावे, शक्यतो मांजराकडे कूस करून, आणि त्याच्याकडे टक लावून पाहू नये. गुडघ्याचे दुखणे असेल तर सोफ्याच्या कडेला बसून हात खाली सोडला तरी चालतो.

नजरानजर झालीच तर डोळे किलकिले करून सावकाश मिटावेत, क्षणभर मिटलेलेच ठेवावेत आणि तितक्याच सावकाश उघडावेत. ससेक्स आणि पोर्टस्मथ विद्यापीठांतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे तपासले, तेव्हा अशी संथ उघडझाप करणाऱ्या अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे मांजरे अधिक वेळा चालत गेली. समोरच्या मांजरानेही डोळे तसेच मिटले, तर बैठक चांगली जमली असे समजावे.

यानंतर काहीही करायचे नसते, आणि नेमके हेच माणसांना जमत नाही. चुटक्या वाजवणे, सतत ‘माऊ माऊ’ करून हाका मारणे, मांजर एक पाऊल पुढे आले की आपण दोन पावले सरकणे, या सगळ्यामुळे आलेले मांजर परत फिरते. हलक्या आवाजात एकदा नाव घ्यावे आणि गप्प बसावे. पाच-सात मिनिटांत मांजर आले नाही, तर आज त्याला यायचे नाही.

टप्पा ४ : बोट पुढे करणे

मांजर हाताच्या अंतरावर आले, की मूठ सैल ठेवून तर्जनी किंचित वाकवावी आणि ती मांजराच्या नाकाच्या उंचीवर, किंवा त्याहून थोडी खाली, धरावी. बोट आणि नाक यांच्यात साधारण वीतभर अंतर राहू द्यावे आणि ते अंतर मांजरानेच कापावे. पंजा पसरून हात पुढे करू नये. पाच बोटांचा उघडा तळवा पकडायला आल्यासारखा दिसतो. बोट थेट नाकाला भिडवणेही चूकच, कारण नाकापासून वीतभराच्या आतली वस्तू मांजराला स्पष्ट दिसत नाही, तिचा अंदाज त्याला वासावरून आणि मिशांवरून घ्यावा लागतो आणि त्याला अवधी लागतो. हा अवधी न देता ‘वास घेतला ना, झाले’ म्हणून डोक्यावर हात ठेवणारी माणसे फार.

आता तीनपैकी एक गोष्ट घडते. पहिली : मांजर वास घेते आणि बोटावर गाल, ओठाची कड किंवा कपाळ घासते. हा होकार आहे. पुढच्या टप्प्याकडे जावे. दुसरी : ते वास घेते आणि तोंड फिरवते, मागे सरते किंवा निघून जाते. हा नकार आहे, त्यात अपमान मानण्याजोगे काही नाही. हात मागे घ्यावा. तिसरी गोष्ट माणसांना सर्वांत फसवते : मांजर वास घेते आणि तिथेच बसून राहते, घासत नाही आणि जातही नाही. याला होकार धरू नये. मांजराला माणसाची सोबत चालते, शेजारी बसणे आवडते, पण त्या क्षणी अंगाला हात नको असतो, असे पुष्कळदा असते. त्याने ज्यासाठी बैठक मारली आहे तेवढेच द्यावे, म्हणजे आपणही बसून राहावे. कालांतराने अशी मांजरेच मांडीजवळ येऊन टेकतात.

*तपासा :* मांजराने बोटाला स्वतःचे अंग लावले का? केवळ वास घेणे पुरेसे नाही.

टप्पा ५ : पहिला स्पर्श

पहिला स्पर्श नेहमी तोंडाच्या बाजूंना करावा, म्हणजे गालावर मिशांच्या मागे, हनुवटीखाली, आणि कान व डोळा यांच्यामधल्या विरळ केसांच्या पट्ट्यावर. या जागी वास सोडणाऱ्या ग्रंथी असतात. मांजर दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला किंवा आपल्या पोटरीला गाल घासते तेव्हा याच ग्रंथींतला वास तिथे लावत असते. आपण तिथे बोट फिरवले, तर मांजर स्वतः जे करते त्यालाच हातभार लागतो, म्हणून हा स्पर्श बहुतेक मांजरांना मानवतो.

बोट केसांच्या दिशेने, सावकाश फिरवावे. दाब किती असावा, हा प्रश्न नवख्यांना पडतो. कपाळावर कुंकवाचे बोट टेकवताना असतो तेवढा पुरे. हनुवटीखाली मांजर स्वतःच मान पुढे करून बोटावर भार टाकते, तेव्हा दाब थोडा वाढवायला हरकत नाही. मिशांना मात्र धक्का लागू देऊ नये. त्यांच्या मुळाशी संवेदना फार तीव्र असते आणि मिशा मागे दाबल्या जाणे मांजराला त्रासाचे होते.

हात वरून, डोळ्यांसमोरून डोक्यावर नेणे टाळावे. तो नेहमी बाजूने, गालाच्या पातळीवरून न्यावा. एका वेळी एकच हात वापरावा, कारण दोन्ही हातांत तोंड धरले की कुरवाळणे संपून पकडणे सुरू होते.

टप्पा ६ : तीन सेकंदांनी थांबणे

बाकी सारे विसरले तरी चालेल, पण हा टप्पा गाळू नये. तीन सेकंद बोट फिरवावे, अंदाजे ‘एक, दोन, तीन’ मनात म्हणण्याइतके, आणि मग हात उचलून मांजराच्या पुढ्यात, थोडा दूर, स्थिर ठेवावा. मांजराला आणखी हवे असेल तर ते डोके हाताखाली घालते, गाल पुन्हा घासते, एक पाऊल पुढे टाकते, क्वचित पंजाने हात ओढते. मग पुन्हा तीन सेकंद, आणि पुन्हा थांबणे. ते स्वस्थ बसून राहिले, दुसरीकडे पाहू लागले किंवा अंग चाटायला लागले, तर प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे.

हे इतके वेळा थांबणे सुरुवातीला कृत्रिम वाटते. घरातले वडीलधारे हसतात, ‘मांजराची परवानगी काय मागता’ असेही म्हणतात. थांबण्याचे कारण मात्र अगदी व्यवहारी आहे. सलग हात फिरत राहिला तर मांजराला नकार कळवण्यासाठी काहीतरी करावे लागते. उठून जावे लागते, पंजा मारावा लागतो किंवा चावावे लागते. हात आपणच उचलला, तर नुसते बसून राहूनही त्याला नकार देता येतो. नॉटिंगहॅम ट्रेंटच्याच संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लंडनच्या बॅटरसी येथील प्राणी निवारा केंद्रात १२० माणसे आणि १०० मांजरे घेऊन हे पाहिले. मांजराला निवड करू द्यावी, त्याच्या हालचालींकडे लक्ष द्यावे आणि योग्य जागीच हात लावावा, एवढेच काही मिनिटांत शिकवल्यावर त्याच माणसांबरोबर मांजरांचे चिडणे कमी झाले आणि सलगी वाढली.

आपल्या घरचे, रोज अंथरुणात येणारे मांजर असेल तर दर तीन सेकंदांचा काटेकोर हिशेब ठेवण्याची गरज नाही. पण अधूनमधून हात थांबवून पाहण्याची सवय तिथेही ठेवावी, कारण कालचा होकार आज लागू असेलच असे नाही.

टप्पा ७ : मानेपासून पाठीपर्यंत

गालावर आणि हनुवटीखाली दोन-तीन वेळा होकार मिळाल्यावर हात कानांच्या मागे, मानेवर आणि तिथून पाठीच्या वरच्या भागापर्यंत नेता येतो. केसांच्या दिशेनेच, एकसंध, आणि कमरेच्या अलीकडे थांबत. शेपटीच्या मुळाशी खाजवले की मांजर मागचा भाग उंच करते, त्यावरून ते खूश आहे असा समज रूढ आहे. काही मांजरांना ते आवडतेही. पण कुठला स्पर्श मांजरांना आवडतो याचे जे अभ्यास २००२ आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्या दोन्हींत सर्वाधिक नापसंती शेपटीच्या भागालाच मिळाली. तेव्हा आपल्या मांजराची खात्री पटलेली नसेल तर ती जागा सोडून द्यावी.

मांजर समोर येऊन लोळते आणि पोट वर करते, हा सर्वांना भुलवणारा क्षण. शरीराचा सर्वांत नाजूक भाग ते उघडा टाकते, याचा अर्थ त्याला आपल्या उपस्थितीत सुरक्षित वाटते आहे; पोटावर हात ठेवण्याचे आमंत्रण त्यात नसते. हात पोटावर पडताच चारही पंजे त्याभोवती आवळतात आणि मागच्या पायांच्या लाथा सुरू होतात, त्या खेळातल्या असल्या तरी नख्यांनिशी असतात. लोळणाऱ्या मांजराचे कौतुक डोळ्यांनी करावे, फार तर गालापाशी बोट न्यावे.

पंजे, शेपटी आणि मागचे पाय यांना विनाकारण हात लावू नये. कुत्र्याची किंवा बैलाची थोपटतात तशी पाठ थोपटू नये. आणि मानगूट धरू नये. आई पिल्लाला मानगुटीला धरून नेते हे खरे, पण वाढलेल्या मांजराला तसे धरणे म्हणजे त्याला जखडणे होय, ते निपचित पडते ते घाबरून.

टप्पा ८ : ‘पुरे’ ओळखणे

ज्या खुणा चुकतात त्या मोठ्या नसतात. फिसकारणे, गुरकावणे, पंजा उगारणे हे कोणालाही कळते, पण तोवर उशीर झालेला असतो. लक्ष ठेवायचे ते त्याआधीच्या बारीक बदलांवर.

बहुधा पहिली खूण शेपटीच्या टोकात दिसते. बाकी शेपटी स्वस्थ पडलेली असते आणि शेवटची दोन बोटे लांबी तेवढी उचलून फरशीवर टपटप आपटते. मग पाठीवरची कातडी थरारते. हात जिथून गेला तिथे केसांखालून एक लाट सरकावी तशी ती कंबरेकडे सरकताना दिसते. एक कान हाताच्या दिशेने मागे वळतो, दुसरा अजून पुढेच असतो. चाललेली घुरघुर थांबते. मांजर झटकन मान वळवून हाताकडे पाहते आणि पुन्हा समोर बघते, किंवा एकाएकी खांदा चाटू लागते, तेही दोन-चार जिभा मारून थांबण्यापुरते. नाक चाटते, डोके झटकते. अंग सैल होते ते आखडते, आणि क्षणभर ते अगदी स्तब्ध होते. या स्तब्धतेला ‘किती शांत बसले आहे’ असे म्हणून हात फिरवत राहणे ही चाव्यापूर्वीची शेवटची चूक असते.

घुरघुर चालू आहे म्हणजे सारे ठीक आहे, असे समजू नये. दुखत असताना, डॉक्टरांच्या टेबलावरही मांजर घुरघुरते. घुरघुरीचा अर्थ कान, शेपटी आणि अंग यांच्याबरोबरच लावावा.

यांपैकी एक खूण दिसली की हात उचलावा; दोन दिसल्या तर बैठकच संपवावी. प्रत्येक मांजराची मर्यादा वेगळी असते, कोणाला मिनिटभर पुरते, कोणी अर्धा तास मांडी सोडत नाही. आपल्या मांजराला साधारण किती वेळ चालते ते काही दिवसांत ध्यानात येते. मग त्याच्या थोडे अलीकडे थांबण्याचा नियम करावा.

*सावधान :* इशारा दिल्याबद्दल मांजराला रागावू नये. फिसकारल्यावर फटका किंवा पाण्याचा फवारा मिळतो हे कळले, की ते फिसकारणे सोडते आणि थेट चावू लागते.

टप्पा ९ : मांजराने हात धरला तर

दात किंवा नख्या रुतल्यावर हात हिसडण्याची इच्छा अनावर होते, पण हिसड्याने नख्या आणखी खोल जातात आणि मांजराला शिकार निसटत असल्यासारखे वाटून पकड घट्ट होते. हात होता तिथेच सैल सोडावा, आवाज करू नये. पकड ढिली झाली की सावकाश मागे घ्यावा, उठून दूर जावे. लगेच ‘सॉरी माऊ’ म्हणत पुन्हा गोंजारायला जाऊ नये, निदान काही तास तरी.

घरात मांजराशी हातानेच खेळण्याची सवय असेल, पिल्लू असताना बोटे चावू दिली असतील, तर हा टप्पा वारंवार येणारच. खेळायला दोरी, काडी, कागदाचा बोळा वापरावा. हात फक्त गोंजारण्यासाठी राखून ठेवावा.

मुले, पाहुणे आणि रस्त्यावरची मांजरे

लहान मुलांना वरचा सगळा क्रम पाठ करून घेण्याची अपेक्षा धरू नये. त्यांना तीनच गोष्टी शिकवाव्यात : खाली बसायचे, बोट दाखवायचे, आणि मांजर निघाले तर त्याच्या मागे जायचे नाही. पाच वर्षांखालच्या मुलाचा हात मोठ्या माणसाने स्वतःच्या हातात धरून मांजराच्या गालावर फिरवावा, म्हणजे मूठ आवळली जात नाही. सणासुदीला पाहुण्यांची मुले घरी येतात तेव्हा ‘दाखवा ना मांजर’ म्हणून त्याला आतल्या खोलीतून उचलून आणण्याचा मोह आवरावा. मांजर दाखवण्याची वस्तू नव्हे, आणि नाराज पाहुण्यापेक्षा ओरबाडलेले पोर सांभाळणे कठीण जाते.

सोसायटीच्या पार्किंगमधले, मासळी बाजारातले किंवा देवळाच्या आवारातले मांजर रोज आपल्या हातून खाते, म्हणून ते हात लावून घेईलच असे नाही. जन्मानंतर दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांच्या सुमारास पिल्लाला माणसाचा प्रेमळ हात लागला तर त्याला माणसांची सवय सहज होते. तो काळ माणसांविना गेलेले मांजर पुढे अन्न घेते, ओळखते, वाट पाहते, पण स्पर्शाला बिचकते ते बिचकतेच. त्याच्यासाठी वाटी ठेवून मागे सरणे हीच सलगी. बाहेरच्या मांजराच्या अंगावर केस गळून गोल चट्टे पडलेले दिसले तर हात लावूच नये, तो बुरशीचा संसर्ग माणसालाही गजकर्णाच्या रूपाने होतो.

मांजरी माजावर आली की जमिनीवर लोळते, सारखी अंग घासते, कंबरेवर हात पडताच मागचा भाग उचलून शेपटी बाजूला करते. हे लाड नव्हेत, आणि त्या दिवसांत पाठीवर हात फिरवत राहिल्याने तिची अस्वस्थता वाढते. डोक्यावर, गालावर थोडा हात फिरवून थांबावे आणि नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

वर्षानुवर्षे लाड करून घेणारे मांजर एकाएकी हात लावू देईनासे झाले, विशेषतः कंबर, पोट किंवा तोंडाजवळ, तर ते रुसलेले नसून बहुधा त्याला दुखते आहे. म्हातारपणी सांधे, दात आणि हिरड्या ही नेहमीची कारणे असतात. अशा वेळी हात लावून लावून दुखरी जागा शोधत बसू नये, ते पशुवैद्यावर सोपवावे.

चावले किंवा बोचकारले असेल तर

मांजराचे दात बारीक आणि अणकुचीदार असल्याने जखम वरून टाचणी टोचल्याएवढीच दिसते, पण तोंडातले जंतू खोलवर सोडले जातात. त्यामुळे, विशेषतः हाताच्या सांध्याजवळ, दुसऱ्याच दिवशी सूज, लाली आणि ठणका सुरू होऊ शकतो. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांतले काहीही त्यावर दाबू नये, आणि वर घट्ट पट्टी बांधू नये.

मांजरापासूनही रेबीज होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून जखम धुतल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मिळते, आणि रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही तेव्हाच विचारावे. चावलेले मांजर घरचे किंवा ओळखीचे असेल तर ते दहा दिवस नजरेसमोर ठेवावे, पण ते धडधाकट दिसते म्हणून डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.